रापी, रोलर आणि अर्धा मिलिमीटर

(होसकोटे इथल्या एका छोट्या शेडमध्ये, आसपासच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींसमोर रविवारी झालेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



बोलायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, विषय काय? तर म्हणाले, "तुमचं यंत्र." मला बरं वाटलं. आपल्याला बोलवतात ते बहुतेक दुःख सांगायला. यंत्राबद्दल सांगा असं कुणी म्हणत नाही.

तर हे यंत्र. टेबलाला बोल्टांनी आवळलेलं आहे. इंग्रजीत याला स्प्लिटर म्हणतात. आमच्या शेडमध्ये सगळे "पातळ्या" म्हणतात, कारण ते चामडं पातळ करतं. दोन बाजूंना दोन लोखंडी गाल, मधे आडवं पातं, पात्याखाली रोलर. रोलर वरखाली करायला हा दांडा. वीज नाही, मोटर नाही. पट्टा पात्याखालून घालायचा, दांडा दाबायचा आणि पलीकडचं टोक पकडून ओढायचं. रोलर आणि पातं यांच्यामधे जेवढी फट, तेवढी जाडी आपल्या हातात येते. जास्तीचं मांस-बाजूचं चामडं पात्यावरून सालीसारखं निघून जातं. म्हणून चामड्याची गुळगुळीत बाजू खाली, रोलरकडे. नवा माणूस हमखास उलटं घालतो आणि चांगला दाणा सोलून टाकतो. मीही टाकलाय.

कशाला लागतं हे? कंबरेचा पट्टा घ्या. साडेतीन मिलिमीटरचं चामडं बकलाभोवती दुमडलं की सात मिलिमीटर होतं. मग तिथं गाठ आल्यासारखं दिसतं आणि शिलाई बसत नाही. तेवढा भाग निम्मा करावा लागतो. हेच काम माझे आप्पा रापीने करायचे. दगडी फरशीवर चामडं, डाव्या हाताने दाबलेलं, उजव्या हातात रापी, आणि धार स्वतःपासून लांब ढकलत जायची.

आम्ही निपाणीचे. बाबासाहेब १९२५ साली निपाणीला परिषदेसाठी आले होते, हे आमच्या घरी देवाच्या गोष्टीसारखं सांगितलं जायचं. आई विड्या वळायची, आप्पा चपला करायचे. आमच्याकडे बायका वेण्या घालतात, भोकं पाडतात, नक्षी करतात. रापी मात्र पुरुषाच्या हातात. मी लहानपणी एकदा रापी उचलली तर आप्पांनी ती काढून घेतली. मला वाटलं, मुलगी म्हणून. पुष्कळ वर्षं तोच राग धरून होते. बी.एस्सी. झाले, बेंगळुरूला आले, एका कंपनीत तपासणी विभागात लागले. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज यांच्याशी तिथं दोस्ती झाली. तिथल्याच एका साहेबांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं आणि हसून म्हणाले, मग हाताचं काम तुमच्या रक्तातच असेल. मी त्या दिवशी दोन दशांश मिलिमीटरची चूक पकडली होती. ती रक्ताने पकडली नव्हती, व्हर्नियरने पकडली होती.

नोकरी सोडली ती त्या वाक्यामुळे नाही, पगारामुळे. पण वाक्य लक्षात राहिलं. मग नवऱ्याच्या ओळखीने होसकोट्यात ही शेड घेतली. याच जुन्या मद्रास रस्त्याने पुढे कोलार, मुळबागल, चित्तूर करत गेलं की राणीपेट लागतं. ते चामड्याचं गाव. माल तिकडून येतो. हे यंत्र एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून घेतलं, आणि पहिल्याच मोठ्या ऑर्डरीत त्याने आमची इज्जत काढली.

चाळीस पट्टे परत आले. एका कडेला ३.२, दुसऱ्या कडेला २.८. चार सेंटिमीटर रुंदीत ०.४ मिलिमीटरचा फरक. डोळ्याला दिसत नाही, पण पट्टा कमरेला बसला की एका बाजूला वळतो.

मी पुस्तकी माणूस, पुस्तकी उपाय केले. तुम्हाला करायचे असतील तर याच क्रमाने करा. आधी टेबल. फळी जाड हवी, बोल्ट आरपार आणि खाली मोठे वॉशर. क्लॅम्प लावून हे काम होत नाही, पहिल्या जोराच्या ओढीला यंत्र सरकतं. मग पातं. ते काढताना आणि ठेवताना धारेवर चामड्याची पट्टी गुंडाळा, हे दर वेळी. बारीक दगडावर पाणी घेऊन घासा, मग कातड्यावर पॉलिशचा साबण लावून ओढा. धार आहे की नाही ते मऊ कातडीच्या तुकड्यावर बघा, अंगठ्यावर नको. बोथट पातं कापत नाही, ढकलतं. चामडं सुरकुततं आणि आपण जोर वाढवतो. हात कापण्याची वेळ तीच.

पातं परत बसवताना त्याची धार रोलरच्या माथ्याच्या रेषेवर यायला हवी. घासून घासून पातं अरुंद होत जातं, म्हणून प्रत्येक धारेनंतर ते थोडं पुढे घ्यावं लागतं. हे कुणी सांगत नाही. आणि मग समांतरपणा. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला, पातं आणि रोलर यांच्यामधे. रोलर वर आणत जा. दोन्ही पट्ट्या ओढताना सारख्या अडकल्या पाहिजेत. एक सुटते, एक अडकते, तर त्या बाजूचा स्क्रू फिरवा. स्क्रूच्या आट्यांत थोडी मोकळीक असते, म्हणून शेवटचं फिरवणं नेहमी आवळण्याच्या दिशेने. सैल करत करत आकड्यावर आलात तर पहिल्या ओढीला आकडा बदलतो.

हे सगळं मी केलं. कागद दोन्हीकडे सारखा अडकायचा. पट्टा ओढला की पुन्हा ०.४. चार दिवस हेच चाललं. धार केली, स्क्रू बदलले, आणि शेवटी चामड्याला दोष दिला. पोटाकडचं चामडं ताणतं हे खरं, पण मी पाठीकडचं घेतलं तरी तेच.

आप्पा तेव्हा आमच्याकडे राहायला आलेले. खुर्चीवर बसून बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "यंत्र गप्प असताना खरं बोलतंय, ओढताना खोटं बोलतंय." मला राग आला. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही याला हात तरी लावलाय का?" ते उठले, गालाच्या बाहेर रोलरच्या दांड्याचं जे टोक येतं त्यावर बोट ठेवलं. पात्यापासून वीतभर लांब, बाहेरच्या बाजूला. म्हणाले, "आता ओढ." मी ओढलं. "पुन्हा." मी पुन्हा ओढलं. मग दुसऱ्या टोकावर बोट ठेवलं. "पुन्हा." म्हणाले, "उजवीकडचं बसतंय. केसभर, पण बसतंय."

उजवीकडचा बुश झिजलेला होता. भार नसताना रोलर जागेवर, म्हणून कागद सारखा अडकायचा. ओढ बसली की त्या बाजूचा रोलर खाली दबायचा, फट वाढायची, पट्टा जाड यायचा. जाड बाजू कोणती हे मी रोज मोजत होते. पण भाराखाली काय होतं ते मोजायचं मला सुचलं नव्हतं. डायल गेज लावलं असतं तर दिसलं असतं. आमच्याकडे डायल गेज नव्हतं, आप्पांचं बोट होतं. इथल्याच एका लेथवाल्याकडून गनमेटलचा बुश करून घेतला. त्या संध्याकाळी दोन्ही कडा ३.० आल्या.

रात्री मी एक खेळ केला. वेगवेगळ्या जाडीचे नऊ तुकडे कापले, मागे पेन्सिलीने आकडे लिहिले आणि आप्पांना म्हटलं, डोळे मिटून लावा. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून त्यांनी लावले. फक्त एक जोडी उलटी आली, आणि तिच्यात फरक ०.१ चा होता.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगते, नाहीतर तुम्ही चुकीचा अर्थ घ्याल. हे रक्तात नसतं. हे पन्नास वर्षांच्या सरावात असतं. बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं की जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. त्याचा एक भाग असाही की ज्याच्या हातात काम, त्याच्या हातात लेखणी नाही. आप्पांना जे कळतं ते त्यांनी कधी लिहिलं नाही, आणि ज्यांनी चामड्यावर पुस्तकं लिहिली त्यांना आप्पांना विचारावंसं वाटलं नाही. कमावणारा ढोर वेगळा, शिवणारा चांभार वेगळा, आणि आम्हीही एकमेकांकडे पाणी पिताना विचार करायचो, हेही आज सांगून टाकू.

अमेरिकेत यान मॅत्झेलिगर नावाचा एक काळा कारागीर होता. सुरिनामचा, बुटांच्या कारखान्यात कामाला. बुटाचा वरचा भाग साच्यावर ओढून बसवण्याचं काम यंत्राला जमणार नाही असं सगळे म्हणत. त्याने ते यंत्र केलं, १८८३ साली त्याला पेटंट मिळालं. १८८९ मध्ये, चाळिशीच्या आतच, क्षयाने गेला. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हातात काम आणि हातात कागद, दोन्ही एका माणसाकडे आलं की काय होतं ते हे.

आणि कागद नसला की काय होतं तेही बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. आमचा बेळगाव त्यात आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाल्यावर मान्य केलं. मान्य करायला लावता आलं, कारण कुठंतरी नोंद होती.

काही जण विचारतात, मग आमच्या मुलांनी परत याच धंद्यात यायचं का? मी कुणालाही या असं म्हणणार नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी, २०२१ पासून कर्नाटकातही नवा कायदा. चामडं घेऊन रस्त्याने जाणाऱ्या माणसाला काय भीती असते ते तुम्हाला माहीत आहे. २०१६ ला उन्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्यांना काय झालं ते सगळ्या देशाने मोबाइलवर बघितलं. हा धंदा सोडणाऱ्याला मी पळपुटा म्हणणार नाही. "वारसा जपा" असं म्हणणारे बहुतेक तो वारसा दुसऱ्याच्या खांद्यावर जपत असतात.

त्या बुशाच्या रात्री मी आप्पांना विचारलं, "लहानपणी रापी का काढून घेतली?" ते म्हणाले, "तुझ्या हाताला रापीची सवय लागली असती तर शाळेतून आल्यावर रोज कामाला बसवलं असतं मी. माझ्याच्याने राहवलं नसतं, पोरी. माणूस कमी होतं ना." पंचवीस वर्षं मी ज्याला मनाई समजत होते ती त्यांची स्वतःविरुद्धची खबरदारी होती. दोघंही मग बराच वेळ काही बोललो नाही.

आता मी वही ठेवलीय. मराठीत. प्रत्येक धारेची तारीख, पातं किती पुढे घेतलं, दोन्ही कडांची जाडी, चामडं कुठून आलं. एका ओढीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काढायचं नाही, हेही पहिल्याच पानावर आहे. जास्त काढायचं असेल तर दोनदा ओढा. ओढताना पाय अंतरावर, कोपर अंगाजवळ, आणि एकाच ओढीत शेवटपर्यंत. मधे थांबलात तर तिथं पायरी पडते, ती पुन्हा जात नाही. टोक हाताने नाही, पकडीने धरा. टोक निमुळतं करायचं असेल तर ओढत असताना दांडा हळूहळू दाबत जायचा. ते शब्दांत सांगून येत नाही, रद्दी पट्ट्यांवर शंभरदा करावं लागतं.

वहीत मधे मधे आप्पांचं अक्षर आहे. त्यांना जोडाक्षरं जमत नाहीत. परवा त्यांनी लिहिलंय, "उजवी बाजू परत बगने."

ते बघायचं राहिलंय. चहा मागे ठेवलाय. ज्यांना पट्टा ओढून बघायचाय त्यांनी एकेकाने या, पातं बसवलेलं आहे, लहान पोरांना टेबलापासून लांब ठेवा.