जहाँआराच्या बाई



बऱ्हाणपूर आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावरच, भुसावळहून जेमतेम तासाभराची वाट. 1631 च्या जूनमध्ये तिथे चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल गेली. तापीपलीकडे, जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं. डिसेंबरात तिचा देह आग्र्याला निघाला, तेव्हा सोबत होते शहाजादा शुजा, वजीरखान आणि सतीउन्निसा खानम.

या बाई मूळच्या इराणातल्या आमुलच्या. त्यांचा भाऊ तालिब आमुली हा जहांगिराचा राजकवी. नवरा हिंदुस्थानात वारल्यावर त्या मुमताजच्या सेवेत आल्या. फारसी वाङ्मय मुखोद्गत, कुराणपठण शुद्ध, वैद्यकाची चांगली जाण. बेगमेने आपली मोहर त्यांच्या हाती सोपवली आणि थोरली लेक जहाँआराही त्यांच्याकडेच शिकायला दिली.

पण मला त्यांचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. निराधार विधवा, पैशावाचून लग्न अडलेल्या मुली यांची गाऱ्हाणी त्या बेगमेच्या कानावर घालत आणि बेगम ती बादशहापुढे मांडी. मग कुणाला जमीन मिळे, कुणाला रोख रक्कम, कुणाला लग्नाचे दागिने. जनानखाना म्हणजे नुसते पडदे आणि हेवेदावे, असं चित्र आपल्या मनात असतं. तिथे एवढा कारभार चाले, हे मात्र कुणी सांगत नाही!

आई गेली तेव्हा जहाँआरा सतरा वर्षांची होती. जनानखान्याचा पहिला मान तिच्याकडे आला आणि रोजचा कारभार बाईंनी पाहिला. पुढे या शिष्येने ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचं चरित्र फारसीत लिहिलं. बाईंनी शिकवलेली फारसी अशी कामी आली.

बाईंना मूलबाळ नव्हतं. भावाच्या दोन मुली त्यांनी आपल्या मानल्या. त्यांतली धाकटी 1647 च्या सुमारास लाहोरात बाळंतपणानंतर दगावली. त्या दुःखातून बाई सावरल्या नाहीत. थोड्याच दिवसांत त्याही गेल्या.

शहाजहानने अंत्यविधीसाठी दहा हजार रुपये दिले. वर्षभराने त्यांचा देह लाहोरहून आग्र्याला आणवला आणि तीस हजार खर्चून कबर बांधवली. ताजमहालाच्या पश्चिमेला, बाहेरच्या चौकाला लागूनच ती आहे. पुढच्या खेपेला आग्र्याला जाल तेव्हा ताजमध्ये शिरण्याआधी ती अवश्य पाहा.