मांजर आहे तिथेच राहू द्या



भंडाऱ्यातल्या या पशुवैद्यक आणि पशुधन पर्यवेक्षकांच्या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. धानाच्या आणि तलावांच्या या जिल्ह्यात आपला दवाखाना म्हणजे गाय, म्हैस, शेळी. मी आज बोलणार आहे मांजराविषयी. माझी नोकरीची बहुतेक वर्षे प्राणी-निवाऱ्यांत आणि वस्त्यांमधल्या बेवारस मांजरांच्या मागे गेली आहेत.

2019च्या विसाव्या पशुगणनेत हत्ती मोजले, ससे मोजले, कुत्री मोजली. मांजर मोजली नाही. गणनेत नाही म्हणून आराखड्यात नाही, आणि आराखड्यात नाही म्हणून दवाखान्याच्या कपाटात तिची लसही नाही. पण तुमसर, साकोली, लाखनी, कुठल्याही राईस मिलमध्ये जा. पोत्यांच्या थप्पीमागे मांजर असतेच. मिलमालकाला ती हवी असते, कारण उंदीर. नको असतात ती तिची पिल्ले. चार-पाच महिन्यांची मांजर माजावर येऊ शकते, गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. मग पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडली जातात, कोणी दयाळू माणूस ती निवाऱ्यात आणतो, आणि आपण म्हणतो, बरे झाले, वाचली.

ती तिथे वाचतातच असे नाही. सकाळी एक पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेले दिसते. पाणी समोर आहे, पण पीत नाही. दुपारी उलटी, रात्री संपते. दोन दिवसांनी शेजारचा पिंजरा. हा पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा पार्व्हो. याचा विषाणू फरशीच्या भेगेत वर्षभर जिवंत राहतो. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनाईल. त्याने हा विषाणू मरत नाही, आणि फिनॉल पचवण्याची ताकद मांजराच्या यकृतात नसल्याने विषबाधा मात्र मांजरालाच होते. पॅरासिटामॉलचेही तेच, एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. फरशी साबणाने धुवायची, मग एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी असे ताजे द्रावण दहा मिनिटे राहू द्यायचे. आधी निरोगी पिल्ले हाताळायची, आजारी सर्वांत शेवटी. आणि लस दाराशीच द्यायची, उद्यावर ढकलायची नाही.

पिंजऱ्यात खोके ठेवा, हेही मी प्रत्येक निवाऱ्यात सांगत आलो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात असे दिसले की लपायला खोके मिळालेली मांजरे नव्या जागेत लवकर स्थिरावतात. धसका घेतलेल्या मांजरात सुप्त हर्पीस विषाणू जागा होतो, डोळे-नाक वाहू लागते. तेव्हा पुठ्ठ्याचे खोके हे औषधच समजा.

अमेरिकेत या कामाला शेल्टर मेडिसिन म्हणतात. 2014 मध्ये तिथे ती स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य झाली. तिचा गाभा आपल्याला परका नाही. आजारी जनावर एकटे पाहायचे नाही, कळप पाहायचा. लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला गावेच्या गावे पालथी घालणाऱ्या माणसांना हे कोणी शिकवायला नको. आणि कळपाच्या नजरेने पाहिले की एक गोष्ट लख्ख दिसते : मांजरांसाठी निवारे वाढवत जाणे हा उपाय नव्हे. निवारा जखमी, आजारी आणि आई नसलेल्या पिल्लांसाठी. बाकीची मांजर पकडावी, शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस त्याच टेबलावर टोचावी, डाव्या कानाचे टोक किंचित कापावे, म्हणजे ती पुन्हा धरली जाणार नाही, आणि तिला तिच्याच मिलमध्ये सोडावे.

मुंबई महापालिकेने 2019 मध्ये मांजरांच्या नसबंदीला हात घातला. प्राणी जनन नियंत्रणाचे 2001चे नियम नावापासूनच कुत्र्यांपुरते होते. 2023च्या नियमांत समुदायातील प्राणी ही व्यापक संज्ञा आली. म्हणजे वाट खुली आहे.

आपल्या जिल्ह्याला आणखी एक जबाबदारी आहे. कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा आपल्या उशाशी आहेत. तिथे रानमांजर आहे, बिबट आहे, वाघ आहे, आणि पॅनल्युकोपेनिया या साऱ्यांना होऊ शकतो. जंगलाला लागून असलेल्या गावातल्या मांजरीला टोचलेली लस तिच्या एकटीपुरती राहत नाही.

म्हणून या व्यासपीठावरून मागणे एवढेच. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस मांजरांच्या शस्त्रक्रियेसाठी राखून ठेवा. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी हात बसवायला बोलवा. जिल्हा परिषदेने काही सापळे-पिंजरे आणि लसीचा खर्च उचलावा. मिलमालकांनी मांजर आणण्या-नेण्याची सोय करावी. दिवाळीनंतर नवा धान मिलवर येऊ लागेल. त्याच्या आत पहिला दिवस ठरवा, आणि मला बोलवा. मी येईन.