मदनमहालाने विचारलेला प्रश्न

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सिविल लाइंस, जबलपूर येथे केलेले भाषण)



बदलीच्या निमित्ताने मी प्रथम जबलपुरास आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी लहानग्या मुलाला घेऊन मदनमहाल पाहावयास गेलो. किल्ला म्हणजे तट, बुरूज आणि महाद्वार, ही आम्हां सह्याद्रीकडील माणसांची समजूत. येथे पाहतो तो टेकडीच्या माथ्यावर एक प्रचंड कातळ आणि त्याच्या शिरावर चिमुकली वास्तू! भोवती पडक्या भिंती. नाव गोंड राजा मदनसिंहाचे, पण लोकांच्या ओठी राणी दुर्गावती.

मुलाने विचारले, "बाबा, हा किल्ला आपला का?" मी 'नाही' म्हटले. उत्तर खरे होते, पुरे नव्हते.

पुरे उत्तर मला पुढे इतिहास चाळताना मिळाले. मोगल सरदार आसफखानाशी लढताना, २४ जून १५६४ रोजी, राणीने शरण जाण्याऐवजी स्वहस्ते मरण पत्करले. राज्य मात्र त्यानंतरही दोन शतके टिकले. १७४२ साली नानासाहेब पेशव्यांची स्वारी मंडल्यावर आली. राजा महाराजशाह मारला गेला, चौथाई बसली. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी ते राज्यच बुडविले. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ साली इंग्रजांच्या हाती गेला. त्याच राजघराण्यातील शंकरशाह व रघुनाथशाह या पितापुत्रांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात तोफेच्या तोंडी दिले.

म्हणजे जे घर आपल्याच माणसांनी मोडले, त्याच्या अंगणात आपण पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतो आहोत. पूर्वजांच्या कृत्यासाठी आपण मान खाली घालावी, असे मी म्हणत नाही. परंतु पराक्रमाचा वारसा आपला आणि बाकीचा कोणाचाच नाही, ही वाटणी न्यायाची नव्हे.

गेल्या दिवाळीत मुलगा घरी आला, तेव्हा आम्ही पुन्हा टेकडी चढलो. कातळाच्या सावलीत बसून मी राहिलेले उत्तर दिले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग एवढेच म्हणाला, "हे तेव्हाच सांगायला हवे होते, बाबा."

मंडळाला माझी नम्र विनंती आहे. शिवजयंतीला आपण मुलांना प्रतापगड सांगतो, तो अवश्य सांगावा. पण दरवर्षी २४ जूनला त्यांना मदनमहालावरही न्यावे, आणि तेथे उत्तर पुरे द्यावे.