गाडीतला डबा आणि घरातला एकुलता एक फोन

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईनं मला विचारलं, "आम्ही जुनी गाडी घेतली. तिच्या काचेला रस्ता दाखवायचा डबा चिकटवलेला आहे. तो ठेवावा का काढून टाकावा? फोन असताना त्याचं काय काम?" बाकीच्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या डब्यापायी म्हणा किंवा फोनपायी म्हणा, आमचा एक गट रात्रीचा चिखलात बसून राहिलेला आहे आणि त्या गाडीत मीही होते. ते सांगतेच, पण आधी डब्याचं.

हा डबा म्हणजे नेव्हिगेटर. आभाळात सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरतात, ते सारखे आपली वेळ आणि जागा सांगत असतात. चार उपग्रहांचं बोलणं एकदम ऐकू आलं की आपण पृथ्वीवर नेमके कुठं आहोत, याचा हिशोब डबा करतो. यात तो फक्त ऐकतो, बोलत नाही. म्हणून त्याला रिचार्ज लागत नाही, सिम लागत नाही, टॉवर लागत नाही. पूर्वी अमेरिका सामान्य लोकांसाठी यात मुद्दाम चूक मिसळायची. मे २००० मध्ये ती काढली आणि मग गाडीत लावायचे डबे जगभर खपायला लागले. आपल्या देशाचे डिजिटल नकाशे करणारी मॅपमायइंडिया ही कंपनी त्याआधीच, १९९५ मध्ये, राकेश आणि रश्मी वर्मा या नवरा-बायकोनं काढली होती. रश्मीताईंचं नाव मी मुद्दाम घेते. बायकांना नकाशा कळत नाही, असं म्हणणारे आपल्या घरोघरी आहेत.

तुमच्या फोनातही हेच उपग्रहांचं ऐकणारं यंत्र असतं. फरक नकाशाचा आहे. डब्याचा नकाशा त्याच्या पोटात भरलेला असतो आणि कुणी नवा भरेपर्यंत तो तसाच राहतो. फोनचा नकाशा इंटरनेटवरून येतो, म्हणून ताजा असतो, पण रेंज गेली की अडतो.

आता आमची गोष्ट. आमच्या एका गटानं पापड, मसाला, अनारसे विकायला कर्ज काढून जुनी चारचाकी घेतली. गटातलीच एक ताई गाडी चालवायला शिकली. नाव सांगू नको म्हणाली, म्हणून तिला ड्रायव्हरताईच म्हणू. त्या गाडीतही असाच डबा होता. पहिल्या दिवशी आम्ही हौसेनं लावला. नवीन रुंद रस्त्यावर गाडी आली आणि डब्यात आमची गाडी चक्क रानातून चाललेली दिसायला लागली. बाई आतून सारखी ओरडतीय, मागं फिरा, मागं फिरा. त्याच्या पोटातला नकाशा किती जुना, तर छत्रपती संभाजीनगर असं काही गाव त्याला माहीतच नव्हतं. आपलं माजलगाव कल्याणहून पाथरी-परभणीकडं जाणाऱ्या ६१ नंबरच्या महामार्गावर आहे, त्याला पूर्वी २२२ म्हणायचे. नंबर बदलले, वळणरस्ते झाले, पूल झाले. डब्याला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि फोनवर आलो.

२०२३ च्या अधिक श्रावणात पुरुषोत्तमपुरीला केवढी गर्दी असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही तिथं अनारशांचा स्टॉल लावला होता. संध्याकाळी तिथून पुढं गोदाकाठच्या एका गावात जावयाच्या वाणाचे अनारसे पोचवायचे होते, तेहतीस-तेहतीसचे डबे. गाव आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही. फोन ड्रायव्हरताईच्या लेकाचा. पत्ता टाकला, निघालो. पाऊस उघडला होता, पण रान ओलं होतं. अंधार पडता पडता फोन म्हणाला डावीकडं वळा, वळलो. डांबर संपलं, खडी लागली, मग खडीही संपली. दोन्ही बाजूला कापूस आणि मधून बैलगाडीची पाणंद. ताई म्हणाली, "दाखवतंय तर खरं." तेवढ्यात गटाच्या अध्यक्षांचा फोन आला, पोचलात का म्हणून. त्या बोलण्याखाली नकाशा झाकला गेला, ताईची नजर तिकडं गेली आणि पुढचं चाक काळ्या मातीत रुतलं. फोनची बॅटरी तेव्हा नऊ टक्के होती.

कुत्री भुंकली म्हणून एक आजोबा बॅटरी घेऊन आखाड्यावरून आले. म्हणाले, "माय, हिकडं कुठं गाडी घातली? म्होरं वढा हाय. मोटारसायकल निघती, तुमची कशी निघंल?"

मोटारसायकल! मी फोन हातात घेऊन बघितलं. वर गाडीच्या चित्राऐवजी दुचाकीचं चित्र. आदल्या दिवशी पोरगा मोटारसायकलवर कुठंतरी गेला होता, ते तसंच राहिलं होतं. फोन बिचारा खरंच सांगत होता, मोटारसायकलला तो रस्ता जवळचाच होता. बघायचं आमचं राहिलं. आजोबांच्या सुनेनं आणि आम्ही मिळून उसाचं पाचट चाकाखाली घातलं, गाडी मागं काढली. त्यातल्या एका डब्याचे अनारसे आजोबांच्या नातवंडांनी खाल्ले. तेहतीसमधला एकही कमी करायचा नसतो, म्हणून तो डबा आम्ही दुसऱ्या दिवशी परत करून दिला.

त्या रात्री खरा घोर वेगळाच होता. लेकाचा फोन आमच्याकडं, तोच घरात चालू असलेला एकमेव फोन. त्यामुळं घरी ताईच्या नवऱ्याला आम्हाला फोन करायला शेजारी जावं लागलं. आपल्याकडं फोन म्हणजे बोलायचं यंत्र, पैसे द्यायचं पाकीट, गटाची हिशोबाची वही आणि पोरांचा अभ्यास. त्यालाच नकाशाही करायचं म्हटलं, की एक काम करताना बाकीची सगळी अडतात. डबा वाजत नाही, त्याच्यावर कुणाचा फोन येत नाही, त्याची ही एक बाजू मला तेव्हा कळली.

नुसता चिखल लागला म्हणून आम्ही आज हसतोय. २०२१ च्या जानेवारीत कळसूबाईला निघालेली पुण्याची गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशाच्या भरवशावर जुन्या पुलावर गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यानं तो पूल बुडालेला होता. एकाचा जीव गेला. पूल पाण्याखाली जातो, हे तिथल्या माणसांना ठाऊक होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीकडं रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघं गेले. २०२५ च्या जुलैत बेलापूरला एका बाईची गाडी पुलाऐवजी खालच्या रस्त्यानं थेट खाडीत गेली. सागरी पोलीस जवळ होते म्हणून ती वाचली. आपल्याकडं सिंदफणेवर धरण आहे, गोदावरी आहे, पावसाळ्यात वाहणारे ओढे आहेत. रस्ता कुठं आहे ते नकाशाला कळतं, आज त्याच्यावर पाणी किती आहे ते कळत नाही. डब्याला नाही आणि फोनलाही नाही. रात्री पुढं पाणी चमकलं की गाडी थांबवा, खाली उतरा, माणूस शोधा.

दसरा झाला की आपले कितीतरी भाऊ दोन-दोन ट्रॉल्या जोडून, बायकापोरं वर बसवून सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. त्यांना सांगा, फोनवरच्या नेहमीच्या नकाशात कार आहे, दुचाकी आहे, ट्रॅक्टर नाही. तो तुम्हाला कारच समजतो आणि धारूरच्या घाटासारखा घाटही जवळचा म्हणून दाखवतो. परदेशात ट्रकसाठी वेगळे डबे मिळतात, त्यात गाडीची उंची आणि वजन टाकता येतं. आपल्या ट्रॉलीसाठी तसं काही माझ्या तरी पाहण्यात नाही. तिथं मुकादमाचा आणि आदल्या वर्षी जाऊन आलेल्या ड्रायव्हरचाच सल्ला घ्या.

मग ताई, डब्याचं काय करायचं? त्याचा नकाशा नवा भरता येतो, पण त्याला कॉम्प्युटर लागतो, काही डब्यांना पैसे पडतात, आणि आपल्या खेड्यांची नावं इंग्रजीत टाकायची म्हणजे डोकेदुखी. भरून मिळत असेल तर ठेवा. नसेल तर आम्ही केलं ते करा. घरात एखादा जुना फोन पडलेला असतोच, काच तडकलेला, सिम काढलेला. बॅटरी बरी असेल तर दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट लावून त्यात आपल्या जिल्ह्याचा आणि शेजारच्या जिल्ह्यांचा नकाशा उतरवून घ्या. नकाशाच्या ॲपमध्ये ऑफलाइन नकाशा म्हणून सोय असते. उपग्रहाला सिम लागत नाही, हे मघाशी सांगितलंच. सुरुवातीला त्याला आपली जागा सापडायला थोडा वेळ लागतो, तेव्हा उघड्यावर धरा. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, म्हणून महिन्याकाठी एकदा नवा करून घ्या. गाळप सुरू झाल्यावर उसाच्या गाड्यांची रांग कुठं लागलीय ते असा फोन सांगणार नाही, पण रस्ता दाखवतो. आणि तो वाजत नाही! चांगला फोन घरी राहतो, किंवा शेजारी बसलेलीच्या पिशवीत. तिनं त्यावरून घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवलं की उंबऱ्यात उभं राहून वाट बघणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो.

फोन हातात धरून गाडी चालवू नका. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानं रस्ता बघण्यापुरता फोन वापरता येतो, तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही असा. शंभर-दोनशे रुपयांचं स्टँड मिळतं. पत्ता गाडी उभी असताना टाका, आणि वर कारचं चित्र आहे का दुचाकीचं, ते एकदा बघा. आमच्याकडं आता गाडी सुरू करायच्या आधी मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडतंच, "मोटारसायकल काढली का गं?"

शेजारच्या सीटवर हल्ली ड्रायव्हरताईची सासू बसते. तिला अक्षर वाचता येत नाही, पण फोननं गावाचं नाव उच्चारलं की तिला आठवतं, इथं आपल्या भावकीतली कुणाची लेक दिलीय आणि पावसाळ्यात तिला माहेरी आणायला कुठून जायचे. मागच्या आठवड्यात फोननं एक जवळचा रस्ता सांगितला. म्हातारी म्हणाली, "तिथं पुलावरून पाणी जातं, शकूच्या बाळंतपणाला आम्ही चार तास अडकलो होतो." ताईनं गाडी लांबच्या रस्त्यानं घेतली. फोन दोन वेळा मागं वळा म्हणाला आणि मग त्यानं गुमान नवा रस्ता काढून दिला.