किती अंशांवरचा?



निवेदकांनी माझी ओळख 'रस्तेवाला' अशी करून दिली. नोकरीभर रस्तेच केले, तेव्हा तक्रार नाही. रस्ते का खराब होतात, हे मला सगळेच विचारतात. आज त्यातला एकच मुद्दा सांगतो, डांबराच्या निवडीचा. आणि माझी एक चूक कबूल करतो.

शंभर किलो डांबरी मिश्रणात डांबर जेमतेम पाच किलो, बाकी खडी आणि भुकटी. पण सगळ्याला धरून ठेवते ते डांबरच. पूर्वी त्याची प्रत सुईने ठरायची. 25 अंश तापमानाला, 100 ग्रॅम वजनाखाली, 5 सेकंदांत सुई किती रुतते ते पाहायचे. आठ ते दहा मिलिमीटर रुतली तर 80/100 ग्रेड, सहा ते सात रुतली तर 60/70.

नोकरीच्या सुरुवातीला एका साखर कारखान्याच्या रस्त्यावर मी 80/100 वापरले. डांबर मऊ, काम सोपे. पहिल्या वर्षी कौतुक झाले. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, एप्रिलच्या उन्हात, उसाच्या गाड्या वजनकाट्यासाठी रांगेत थांबत तिथे खोल चाकोऱ्या पडल्या. पावसाळ्यात त्यांत पाणी साचले, खडीवरचे डांबर सुटले आणि खड्डे झाले.

कागदावर डांबर पास होते. पण परीक्षा 25 अंशांची आणि उन्हाळ्यात रस्ता तापतो 60 अंशांच्या आसपास. त्यात थांबलेल्या गाडीचे ओझे एकाच जागी दाबत राहते. 2006 साली भारतीय मानक बदलले. आता 60 अंशांवर डांबर किती घट्ट राहते, त्यावर ग्रेड ठरते. थंड प्रदेशाला व्हीजी-10, बहुतेक रस्त्यांना व्हीजी-30, टोलनाके, चौक आणि जड वाहतुकीला व्हीजी-40.

म्हणून कडक तेच चांगले, असेही नाही. ऊन-हवेने डांबर वर्षानुवर्षे कडक होतच असते. प्लँटवर जास्त तापवले तर रस्त्यावर येण्याआधीच ते म्हातारे होते. मग भेगा पडतात आणि पाणी आत शिरते.

तो रस्ता पुढे मीच उखडून पुन्हा केला. सर, प्रयोगवहीत तापमान लिहायचे राहिले की तुम्ही पान परत करायचात. तेव्हा राग यायचा. आज तरुण इंजिनिअर रिपोर्ट घेऊन आला, की मी तेच विचारतो: आकडा ठीक आहे, पण किती अंशांवरचा?