दुपारचं युनिट, संध्याकाळचं युनिट



उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेत विजेवर बोलायचं म्हणजे श्रोत्यांचा एक डोळा वक्त्यावर आणि एक पंख्यावर. म्हणून प्रस्तावना आटोपती घेतो आणि थेट २००६ सालच्या पुण्यात जातो. राज्यात तेव्हा भारनियमन जोरात होतं. पुण्याला गर्दीच्या तासांत साधारण ९० मेगावॉट वीज कमी पडत होती. आणि शहराभोवतीच्या कारखान्यांत जवळपास तेवढ्याच क्षमतेचे डिझेल जनरेटर नुसते उभे होते. उद्योजकांची संघटना सीआयआय, महावितरण आणि वीज नियामक आयोग यांनी यातून वाट काढली. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यांच्या वाटची ग्रिडची वीज शहराला सोडायची आणि डिझेलचा जादा खर्च पुणेकरांच्या बिलावर छोटा अधिभार लावून भरून काढायचा. महिन्याला ३०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांना तो अधिभारही नव्हता. हेच ते ‘पुणे मॉडेल’.

डिझेलची वीज ग्रिडच्या विजेपेक्षा कितीतरी महाग, तिचा धूर वेगळाच. तरीही सौदा परवडला, कारण ती हवी त्या तासाला आणि हवी त्या गावात मिळत होती. छतावरचं सौर असो, शेताजवळचं असो की कारखान्यातली वीज, तिचा हिशोब ‘किती युनिट’ एवढ्यावर संपत नाही. केव्हाचं युनिट आणि तारेच्या कोणत्या टोकाचं युनिट, हे विचारल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. आज मला सांगायचंय ते एवढंच.

आधी घरमालकाचा हिशोब बघू. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर रोज चारेक युनिट मिळतात. म्हणजे तीन किलोवॉटला महिन्याकाठी साडेतीनशेच्या आसपास. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. आपलं बिल स्लॅबचं असतं. पहिली शंभर युनिटं स्वस्त, पुढची चढत्या भावानं. पॅनेलचं युनिट बिलातून वजा होतं ते वरच्या, सर्वांत महाग स्लॅबमधून. म्हणून ज्याचं बिल मोठं, त्याचे पैसे लवकर वसूल होतात. ज्याचा वापर महिन्याला ऐंशी युनिट आहे, त्यानं शेजाऱ्याचं बघून घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विक्रेता सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट इथं सांगतो. भर दुपारी गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, फ्यूज उडतो. बाहेर रणरणतं ऊन, छतावर लखलखतं पॅनेल आणि घरात पंखा बंद! लोक चिडून फोन करतात की यंत्र बिघडलं. यंत्र बिघडलेलं नसतं. ग्रिडची वीज गेली की पॅनेलच्या इन्व्हर्टरनं स्वतःहून थांबायचं, हा नियमच आहे. तो थांबला नाही, तर ‘लाइन बंद आहे’ असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज धक्का देईल. वीज गेल्यावरही घर चालू हवं असेल तर बॅटरी आणि तशा सोयीचा इन्व्हर्टर लागतो, आणि मग खर्चाचं गणित सगळंच बदलतं.

आता त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला, वीज कंपनीच्या खुर्चीत बसा. नेट मीटरिंगमध्ये ग्राहक दुपारी एक वाजता जास्तीचं युनिट देतो आणि रात्री आठला परत मागतो. मीटर म्हणतो, फिट्टंफाट. पण दुपारी सगळ्या राज्यात सौर वीज वाहत असते, ती स्वस्त असते. रात्री आठला कोळशाची नाही तर कोयनेची वीज आणावी लागते. दोन युनिटांत रुपयांचा फरक आहे, तो कुणी तरी सोसतोच.

डीपीचंही तसंच. गल्लीत एकाच्या छतावर पॅनेल असेल तर रोहित्राचा भार हलका होतो, तारेतली गळती घटते, कंपनीला बरंच वाटतं. त्याच डीपीवर पंधरा जणांनी बसवलं आणि दुपारी सगळे ऑफिसात असले तर वीज उलटी वाहू लागते. टोकाच्या घराचा व्होल्टेज २५० च्या पुढे सरकतो आणि इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. पहिल्या पॅनेलची किंमत आणि पंधराव्याची किंमत एक नसते. कोणत्या डीपीवर अजून किती जागा शिल्लक आहे, हे कंपनीनं ग्राहकाच्या अर्जाआधीच जाहीर करावं. अर्ज आल्यावर महिनोन्महिने फाइल फिरवणं हा त्याला पर्याय नव्हे.

कंपनीचं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. वरच्या स्लॅबचे ग्राहक, दुकानं, कारखाने जास्त दर देतात, त्यातून खालच्या स्लॅबची आणि शेतीची वीज स्वस्त राहते. नेमका हाच जास्त देणारा ग्राहक छताकडे वळतो. ज्याला स्वतःची गच्ची आहे आणि हातात पैसे आहेत, तोच वळू शकतो. चाळीतल्या, भाड्याच्या खोलीतल्या माणसाला गच्ची कुठून येणार? सोसायट्यांत तर गच्ची कुणाची, यावरच दोन वार्षिक सभा खर्ची पडतात.

म्हणून सरकारी पैशाचं एक युनिट कुठं लावावं, असं मला विचाराल तर मी गावाच्या उपकेंद्राकडे बोट दाखवीन. आपल्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाइट मिळत आली. डिसेंबरच्या थंडीत, बॅटरीच्या उजेडात, गव्हाला पाणी द्यायला दारं धरायला जायचं. पायाखाली साप, आणि जुन्नर भागात असाल तर उसातला बिबट्या. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली. २०२३ मध्ये तिची दुसरी, मोठी आवृत्ती निघाली. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा, त्याची वीज शेतीच्या वेगळ्या वाहिनीवर दिवसाच सोडायची. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. ही वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते, लांबून आणावी लागत नाही, आणि पंपांना हवी असते तेव्हाच सूर्य ती देतो. वेळ आणि जागा दोन्ही जुळतात, म्हणून हा सौदा चांगला.

पण त्यातही एक काटा आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. दिवसा, भरपूर आणि फुकट वीज मिळाल्यावर मराठवाड्यात विहिरीचा तळ कधी दिसेल, हा प्रश्न वीज खात्याच्या फाइलीत येत नाही. तो तिथं यायला हवा.

साखर कारखान्यांबद्दल थोडक्यात. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून होणारी वीज गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर चार-पाच महिने मिळते, आणि ती संध्याकाळीही मिळते. पावसाळ्यात मात्र तिच्यावर विसंबता येत नाही.

शेवटी दराचं. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५ च्या जुलैपासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली. दिशा बरोबर आहे. तारांचा, खांबांचा, डीपीचा खर्चही स्थिर आकारात उघड मांडावा. छतवाल्यावर आडून आडून अटी लादून तो वसूल करू नये. आणि ग्राहकानंही ‘माझं बिल शून्य’ म्हणून मिरवताना रात्रभर आपला फ्रिज कोण चालवतो ते आठवावं.

उद्या अर्ज करणार असाल तर मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर घेऊन बसा. बारा महिन्यांत सगळ्यांत कमी युनिटं किती, ते बघा आणि पॅनेलचा आकार त्याच्या जवळपास ठेवा, मे महिन्यातल्या एसीच्या बिलावरून नको. पाण्याची मोटर, गिझर, वॉशिंग मशीन दुपारकडे सरकवता येतात का ते बघा. कारण दुपारचं युनिट घरातच वापरलंत, तर उद्या नेट मीटरिंगचे नियम कसेही बदलले तरी तुमच्या हिशोबाला फारसा धक्का लागत नाही.