आजीची आठवण आणि सातबारा

(रोहा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रोह्यापासून पेणपर्यंतच्या पट्ट्यातील एखाद्या नव्वदीच्या आजीला वय विचारले, तर ती सन सांगत नाही. 'रामदास' बोट बुडाली तेव्हा आपले लग्न झाले होते की व्हायचे होते, एवढे मात्र ती खात्रीने सांगते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. जुलैचा तो तिसरा आठवडा म्हणजे भाताच्या लावणीचे दिवस. त्यामुळे आजीच्या आठवणीत बोटीच्या बातमीबरोबर गुडघाभर चिखल येतो, डोक्यावरचे इरले येते, आणि त्या वर्षी कोणाच्या शेतात कोण आवण लावत होते, हेही येते.

या शेवटच्या तपशिलाकडे चळवळीने आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. कार्यकर्ता गावात जातो, सरपंचाला भेटतो, तरुणांची बैठक घेतो. ओटीवर बसलेल्या आजीला नमस्कार करून पुढे जातो. तिचे बोलणे नातवंडांच्या करमणुकीचे मानले जाते. वास्तविक कोणत्या जमिनीवर कोणाचा घाम पडला, याची तिच्याइतकी खडान्‌खडा माहिती देणारा दुसरा साक्षीदार गावात क्वचितच उरला आहे. ही साक्ष घेणे हे भावनेचे नव्हे, संघटनेचे काम आहे, एवढाच मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

तिचे बालपण खोतीच्या छायेत गेले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात खोत हा सरकारसाठी सारा गोळा करणारा मध्यस्थ. परंतु प्रत्यक्षात गावाचा धनी तोच. पिकाचा मोठा हिस्सा त्याच्या कणगीत जाई, आणि त्यावर वेठ. वेठीचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा पुरुषाच्या संदर्भात येतो: नांगर, बैल, बांधाची दुरुस्ती. परंतु खोताच्या वाड्यातील सारवण, कांडण आणि दळण ही कामे कुळाची बायको करी, आणि तिच्या बोटाला धरून तिची मुलगी तेथे जाई. आजच्या आजीने लहानपणी पाहिलेले पहिले शोषण हे असे, दुसऱ्याच्या अंगणात आईला वाकलेली पाहण्याचे होते.

त्याच काळात शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीचा संप झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये पंचवीस गावांच्या कुळांनी सावकार-खोतांची जमीन कसावयाचे नाकारले आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ही सारी पाने कार्यकर्त्यांना पाठ आहेत. पण सहा वर्षांचा संप म्हणजे सहा पावसाळे घरात भात न येणे. त्या सहा वर्षांत चूल कशी पेटली? रानातली लाकडे तोडून, ती विकून, खाडीतले मासे-खेकडे धरून लोक जगले, असे सांगितले जाते. मोळी कोणाच्या डोक्यावर होती आणि खाडीच्या चिखलात हात कोणाचे होते, हे मात्र सभांच्या वृत्तांतांत शोधून सापडत नाही. ते सापडलेच तर एखाद्या आजीने आपल्या आईविषयी सांगितलेल्या आठवणीत सापडेल.

महाडचेही तसेच. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी अनेक जणी लुगडे वेगळ्या रीतीने नेसून आल्या. भाषण इतिहासात गेले. ऐकणाऱ्यांची नावे फारशी गेली नाहीत. ही उणीव उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना जाणवली. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना त्या शोधत गेल्या, त्यांच्याशी बोलल्या, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध झाले. समाजवादी चळवळीने आणि कुळांच्या लढ्यांतून वाढलेल्या सर्वच पक्षांनी या उदाहरणापासून धडा घ्यावा, इतके त्याचे मोल आहे.

आता आजीच्या तरुणपणाकडे वळावे. ती या पट्ट्यात लग्न होऊन आली तेव्हा घरोघरी एकच चित्र होते: नवरा मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, बायको गावी. दिवाळीला आणि शिमग्याला येणारा पुरुष कुटुंबाचा कर्ता, आणि वर्षभर राब भाजणारी, आवण उपटणारी, कापणी-झोडणी करणारी स्त्री त्याची 'मदतनीस'. ज्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत, तिचा एक स्रोत याच परिसरात, भिऱ्याला होता. मुळशीच्या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापट आणि मावळातील शेतकरी १९२१ ते १९२४ या काळात झुंजले. ते हरले, धरण झाले, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. तेथून सुटणारे पाणी कुंडलिकेतून रोह्यावरून वाहत समुद्राला मिळते. नदीने वीज देऊन झाल्यावर उरलेले पाणी रोह्याच्या वाट्याला आले, आणि तिच्या काठच्या घरांत आजी मात्र रॉकेलच्या चिमणीत वाती घालीत राहिली.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. १९४९ च्या कायद्याने खोती संपली. १९४८ च्या कुळकायद्याला पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला; त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले जावे, अशी तरतूद झाली. या कायद्याने कोकणात जे परिवर्तन घडविले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या वेठ केलेली माणसे त्या कायद्यामुळे आपल्या बांधावर ताठ उभी राहिली.

परंतु त्याच कायद्याची भाषा एकदा सावकाश वाचावी. 'जातीने कसणे' याची जी व्याख्या त्यात आहे, तिच्यात स्वतःच्या श्रमाने कसणे येते आणि कुटुंबातील व्यक्तीच्या श्रमाने कसणेही येते. म्हणजे नवरा गिरणीत असताना बायकोने कसलेली जमीन ही त्याने जातीने कसलेली ठरे. कूळ वाचले ते तिच्या श्रमामुळे. नाव लागले ते त्याचे. दुसरीकडे, जमीनमालक विधवा असेल तर कुळाने करावयाची खरेदी पुढे ढकलावी, असा अपवाद त्याच कायद्यात आहे. विधवा मालकिणीची अडचण कायद्याने ओळखली, आणि ते योग्यच होते. चिखलात उभी असलेली सधवा मात्र त्याला दिसली नाही.

पुढच्या वारशातही तिची उपेक्षा झाली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारसा दिला. पण कूळहक्कांच्या वारशाविषयी जे वेगळे कायदे असतील त्यांना आपण बाध आणीत नाही, असे त्यातच एक पोटकलम होते. ते २००५ च्या दुरुस्तीने वगळले गेले. मधली जवळजवळ पन्नास वर्षे म्हणजे एका आजीचे सबंध कर्ते आयुष्य. घरातील जमीन बायकोच्या नावे करण्याचा 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम शेतकरी संघटनेने हाती घेतला, त्याचे श्रेय त्या संघटनेला दिलेच पाहिजे. डाव्या आणि समाजवादी पक्षांनी 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा दिली. 'कसेल तिची' हे शब्द त्या घोषणेत यावयाला फार काळ लागला, ही गोष्ट मान्य करण्यात कमीपणा नाही.

येथवर बोलले गेले ते कुळाच्या घरातील आजीविषयी. परंतु गावाबाहेरच्या कातकरवाडीतही आजी आहे, आणि तिची आठवण अनेकांना अवघड वाटणारी आहे. कुळाच्या आजीला खोताच्या अंगणातील अपमान आठवतो; कातकरी आजीला कुळाच्या अंगणातील आठवतो. पाणी वरून ओतले जाई, भाकरी दुरून मिळे, आणि पावसाळ्याआधी घेतलेली उचल लावणी-कापणीच्या मजुरीत फेडता फेडता पुढच्या पावसाळ्याची वेळ येई. उरलेले वर्ष कोळशाच्या भट्टीवर, पुढे विटांच्या भट्टीवर. १ एप्रिल १९५७ या तारखेने तिच्या घरात काही बदलले नाही, कारण तिचे कुटुंब कूळ नव्हते, मजूर होते. वेठबिगारी कायद्याने संपण्यास १९७६ साल उजाडले. दोन्ही आज्यांच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या, तरच या तालुक्याचा खरा इतिहास तयार होईल. एकीचीच ऐकली, तर जमीन मिळालेल्यांचा विजयग्रंथ तेवढा तयार होईल.

या कातकरी आजीच्या बाबतीत मात्र कायद्याने एक नवे पाऊल टाकले आहे, आणि ते प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी ठेवावे. रायगड जिल्ह्यातील वनजमिनींवर 'दळी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यांत कातकरी आणि ठाकूर कुटुंबे पूर्वापार नाचणी-वरी पिकवीत आली. ही जमीन त्यांची म्हणून कागदावर नीट उतरली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला हक्क मागता येतो. आणि त्या कायद्याच्या नियमांत ग्राह्य पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन हाही एक पुरावा आहे. एकट्या निवेदनावर दावा उभा राहत नाही, जोडीला आणखी पुरावा लागतो. पण निवेदन मोजले जाते. शिवाय विवाहित दावेदाराचा हक्क पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदविला जावा, असे कायदाच सांगतो. १९५७ मध्ये जिच्या श्रमाला नाव नव्हते आणि जिच्या शब्दाला किंमत नव्हती, त्या वर्गातील स्त्रीचे नाव आणि शब्द दोन्ही अर्धशतकानंतर कायद्याच्या पुस्तकात आले. हे आपोआप घडले नाही. ठिकठिकाणच्या आदिवासी संघटनांच्या दीर्घ लढ्याचे हे फळ आहे.

तेव्हा ही साक्ष घ्यावी कशी? प्रथम, घाई करू नये. आजीला सन विचारू नये. त्या वर्षी कोणता पूर आला, कोणाचे लग्न झाले, बोट कधी बुडाली, हे विचारावे आणि सन आपण काढावा. पुढाऱ्यांविषयी विचारण्याआधी शेताविषयी विचारावे: राब कोठे भाजला, बी कोणी दिले, कापणीनंतर भात कोणाच्या खळ्यावर गेले. मुलगे समोर बसलेले असताना स्त्री जमिनीविषयी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून शक्यतो स्त्री कार्यकर्तीने, निवांत वेळी बसावे. ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहावे आणि तिला वाचून दाखवावे.

आठवण चुकतेही, हे विसरू नये. दोन वर्षांची गोष्ट एका वर्षात मिसळते. ऐकलेले पाहिलेले वाटू लागते. म्हणून ती जुन्या फेरफारांशी, पीकपाहणीच्या नोंदींशी, दुसऱ्या आजीच्या सांगण्याशी ताडून पाहावी. पण हाच न्याय कागदालाही लावावा. तलाठ्याच्या दप्तरात लिहिले गेले ते कोणी सांगितले, आणि कोण सांगावयाला गेलेच नाही, हा प्रश्न प्रत्येक सातबाऱ्यापुढे उभा करता येतो. कागद म्हणजे सत्य आणि आठवण म्हणजे कहाणी, ही विभागणी ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या सोयीची होती.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. पेण तालुक्यातील बावीस गावांत सप्टेंबर २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या ज्येष्ठांनी त्या लढ्याला बळ दिले होते, आणि देशभर त्या कौलाची चर्चा झाली. तो कौल खातेदारांचा होता. ज्या बाईने ती जमीन पन्नास वर्षे लावली, तिचे नाव खात्यावर नसेल, तर विचारलेला प्रश्न तिला विचारला गेलाच नाही. मोर्चाच्या अग्रभागी स्त्रिया, आणि कौलाच्या यादीत त्यांचे पुरुष, हे दृश्य पुढेही दिसत राहणार असेल, तर लढा जिंकूनही अर्धा हरलेला राहील. औद्योगिक पट्टे आणि रस्ते यांसाठी या जिल्ह्यात जमिनीची मागणी थांबलेली नाही. पुन्हा नोटिसा येतील, तेव्हा त्या नावानिशी येतील.

१ एप्रिल १९५७ रोजी ज्या कर्त्या वयाच्या होत्या, त्या स्त्रिया आता नव्वदीच्या आसपास आहेत. पुढच्या लावणीपर्यंत त्यांतील किती जणी असतील, हे कोणी सांगू शकत नाही. अभ्यासवर्ग संपल्यावर प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील एका आजीपाशी आणि जवळच्या वाडीतील एका आजीपाशी जावे, वहीत दोघींची साक्ष उतरवून घ्यावी, आणि घरच्या सातबाऱ्यावर आपल्या आईचे व बायकोचे नाव आहे काय, हेही जाता जाता पाहून घ्यावे.